बारावा चिमटा

मास्तरांनी आयुष्यात एकही उडी मारली नाही, हे आधीच सांगून टाकते. विमानातून उड्या मारणाऱ्या आम्हा चाळीसेक वेड्यांच्या ऑनलाइन गटात सगळ्यात जास्त मान होता तो या माणसाला, आणि हा माणूस स्टुलावर चढून दिवासुद्धा बदलत नसे. दिवे त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बदलायच्या. मास्तर खाली स्टूल धरून उभे राहायचे आणि वर बघायचे नाहीत.

हे त्यांनी स्वतःच गटात लिहिलं होतं. त्यावर दिवसभर हशा चालला होता. कुणीतरी विचारलं, "मास्तर, एकदा तरी वर चला की." मास्तरांचं उत्तर आलं, "तुम्ही वर जाता म्हणून माझं दुकान चालतं. मीपण वर आलो तर दुकान कोण बघणार?"

मास्तर म्हणजे शिंपी. वडिलांच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवत वाढले, मग गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवू लागले. चाळिशीच्या आसपास कुणीतरी त्यांच्याकडे पाठीवरच्या पट्ट्याचा उसवलेला जोड घेऊन आलं. मास्तरांनी तो शिवून दिला आणि सहज विचारलं, हे कशाचं आहे? पॅराशूटचं, म्हटल्यावर त्यांनी तो जोड पुन्हा उसवला. "म्हणाले, सीट फाटली तर माणूस ओरडतो, हे फाटलं तर ओरडायलाही उरत नाही. आधी शिकतो, मग शिवतो," असं वहिनींनी मला सांगितलं. दोन वर्षं ते शिकले, परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. तो परवाना पॅराशूट दुरुस्त करण्याचा आणि राखीव छत्री बांधण्याचा.

राखीव छत्री म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. आमच्या पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात. मुख्य छत्री आम्ही रोज आपल्या हाताने घडी करतो, वापरतो. ती दगा देईल तेव्हा दुसरी, राखीव. तिला हात लावायची आम्हाला परवानगी नाही. दर सहा महिन्यांनी परवानाधारक माणूस ती उघडतो, तपासतो, पुन्हा बांधतो आणि कार्डावर सही करतो. आत काय आहे ते आपण कधी बघत नाही. आपण फक्त सही बघतो.

मास्तरांची सही शाळेतल्या मुलासारखी गोल आणि सुटी होती. त्यांनी बांधलेल्या राखीव छत्र्यांपैकी अकरा हवेत उघडाव्या लागल्या आणि अकराही उघडल्या. आमच्यात रीत आहे की राखीवने जीव वाचला की ती बांधणाऱ्याला एक बाटली न्यायची. मास्तर दारूला शिवत नाहीत. त्यांच्या कपाटात अकरा बाटल्या न उघडता ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यातली सातवी दगडाची.

दगड हा आमच्यातला सगळ्यात वजनदार गडी. लांब पल्ल्याची बस चालवतो. हवेत सगळ्यांच्या आधी खाली जातो म्हणून दगड. माझं नाव पीस. मी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते, वजन सत्तेचाळीस किलो, आणि हवेत इतरांच्या वेगाने पडता यावं म्हणून मला कमरेला शिशाचा पट्टा बांधावा लागतो. गटात आम्ही दोघं एकमेकांची उणीदुणी काढायचो आणि बाकीचे तेल ओतायचे.

गटाचं नाव होतं 'जमिनीवर भेटू'. बहुतेक जण एकमेकांना कधी भेटलेलेच नव्हते, कारण प्रत्येकाचं मैदान वेगळं, गाव वेगळं. आकाश ढगाळ असलं की विमानं उडत नाहीत, आणि तेव्हा हे सगळे रिकामटेकडे घरी बसून दुसऱ्याच गोष्टींवर बोलायचे. कुणी पाव भाजायचं आणि जळालेल्या कडांचे फोटो टाकायचं. एक गुरांचे डॉक्टर जुनी घड्याळं खोलायचे, ती त्यांना परत जोडता यायची नाहीत. मी माझ्या मांजराचे फोटो टाकायचे. खरं सांगायचं तर उड्यांपेक्षा या फुटकळ गप्पांसाठीच मी फोन हातात घ्यायचे. घरी एकटी असते, दिवसभर लोक माझ्यासमोर बाही वर करून तोंड फिरवून बसतात. माझ्याकडे बघून हसणारी माणसं मला तिथे भेटायची.

एक खेळही होता आमचा. उडी मारणाऱ्यांत जुनी पद्धत आहे: 'पहिल्यांदा' हा शब्द ज्याच्या तोंडून जाईल त्याने सगळ्यांना केक द्यायचा. पहिल्यांदा रात्रीची उडी, पहिल्यांदा पाण्यावर, काहीही. गटात तो शब्द कुणी चुकून लिहिला की सेकंदाच्या आत दहा जण 'केक! केक!' म्हणून तुटून पडायचे. गुरांच्या डॉक्टरांनी एकदा 'पहिल्यांदाच नातू झाला' असं लिहिलं, तर अभिनंदनाच्या आधी केक मागितला गेला. मास्तर फार सांभाळून लिहायचे. त्यांना एका बोटाने टाइप करायची सवय, एक वाक्य झालं की पाठवायचे, मग पुढचं.

त्या वर्षी टोमॅटोची स्पर्धा सुरू झाली. दगडाने डेपोच्या मागे एक रोप लावलं आणि मास्तरांना आव्हान दिलं. मास्तरांनी गॅलरीत कुंडी ठेवली. रोज फोटो यायचे, रोज वाद व्हायचे. एका वाऱ्यात मास्तरांचं रोप कलंडलं तेव्हा त्यांनी त्याला काठी लावली आणि हाताशी दोरी नव्हती म्हणून आपल्या कामाचा एक चिमटा लावून दिला.

या चिमट्यांबद्दल सांगायला हवं. राखीव छत्री घडी करताना कापड निसटू नये म्हणून मास्तर बोटाएवढे चिमटे लावायचे. मोजून बारा. त्यांना लाल रंग दिलेला, पत्र्याच्या डब्यात ठेवलेले. काम सुरू करण्याआधी बारा टेबलाच्या कडेला ओळीत मांडायचे आणि पिशवी बंद करण्याआधी पुन्हा बारा ओळीत हवेत. मग वहीत आकडा लिहायचा. कारण उघड आहे. एखादा चिमटा आत राहिला तर त्याने घडी धरून ठेवली तशी तो वरही धरून ठेवेल, आणि वर धरून ठेवायला वेळ नसतो.

एक चिमटा रोपाकडे गेल्यापासून मास्तरांनी वहीत 'अकरा, एक गॅलरीत' असं लिहायला सुरुवात केली. हे त्यांनी गटात सांगितलं आणि दगडाने जाहीर केलं की बारावा चिमटा कृषी खात्यात प्रतिनियुक्तीवर गेला आहे. गुरांचे डॉक्टर म्हणाले, त्याचा प्रवासभत्ता कोण देणार? मी लिहिलं की आता तो परत येत नाही, सरकारी माणूस एकदा बाहेर गेला की गेला. तीन आठवडे हेच चाललं होतं. आता ते सगळं वाचलं की मला स्वतःचे हात कापून टाकावेसे वाटतात.

माझी पिशवी तिसऱ्या आठवड्यात मास्तरांकडे होती. दगड आपल्या बसमधून त्याच्या मार्गावरच्या आम्हा सगळ्यांच्या पिशव्या त्यांच्याकडे न्यायचा आणि आणायचा, त्यामुळे तीन वर्षांत मी त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं. गुरुवारी पिशवी आली, कार्डावर गोल सही होती. शनिवारी मी तीन उड्या मारल्या.

रविवारी सकाळी मी मैदानावर पट्टे आवळत होते. फोन कपाटात ठेवायला काढला तर पडद्यावर मास्तरांचं वाक्य होतं: "मंडळी, आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं आहे."

त्याखाली दगड: "केक! केक!" त्याखाली आणखी तिघं. कुणीतरी लिहिलं होतं, "मास्तर सापडले!" मी उभ्या उभ्या लिहिलं, "मला चॉकलेटचा. दगडाला अर्धाच द्या." आणि फोन कपाटात टाकून कुलूप लावलं. विमानात चढताना मी हसत होते, हे मला नीट आठवतं.

मास्तरांचं दुसरं वाक्य मिनिटभराने आलं. "या आठवड्यात मी बांधलेल्या चार पिशव्यांपैकी एकीत चिमटा राहिला आहे." तिसरं: "कृपा करून कुणीही उडी मारू नका."

वर जाऊन मी उडी मारली. मुख्य छत्री नेहमीसारखी उघडली. खाली आले, छत्री गोळा केली, चहा घेतला, बूट काढले. मग फोन उघडला. मास्तरांचे चौदा कॉल होते. त्यांनी मैदानाच्या कार्यालयातही फोन लावला होता, पण रविवारी सकाळी तिथे आत कोण बसतं? मी कपाटाला टेकून खाली बसले. बाजूचा एक जण म्हणाला, "चक्कर आली का?"

फोन लावला तर पलीकडून श्वास ऐकू आला, मग मास्तर म्हणाले, "बोला." एवढंच.

"मी पीस. ठीक आहे मी."

"तुम्ही कुठे आहात?"

"जमिनीवर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पिशवी घेऊन या."

दुपारी बसने दोन तास जाऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले. आमची ती पहिली भेट. तिसऱ्या मजल्यावरचं घर. दार उघडलं की लगेच मोठी खोली, आणि खोलीभर ते टेबल. एवढं लांब की जेवायची जागा स्वयंपाकघरात ढकललेली. कडेला दोन शिलाई यंत्रं, भिंतीवर रंगीत दोऱ्यांची रिळं, आणि फरशी इतकी स्वच्छ की मी चपला हातात धरूनच आत गेले. मास्तर माझ्या कल्पनेपेक्षा बुटके निघाले. चष्मा कपाळावर, बाह्या दुमडलेल्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

बाकीच्या तीन पिशव्यांपैकी दोन आधीच उघडून झाल्या होत्या. एक दगडाची होती. दगड ड्यूटीवर होता म्हणून वाचला, नाहीतर तोही सकाळी केक मागून वरच गेला असता. तिसऱ्या पिशवीचा मालक परगावी होता आणि त्याने फोनवर शपथ घेऊन सांगितलं होतं की पिशवी पलंगाखाली आहे.

मास्तरांनी मला बसायला सांगितलं नाही. पिशवी टेबलावर ठेवली. राखीव बंद ठेवणाऱ्या पिनेला लाल दोरा ओवलेला असतो आणि दोऱ्याच्या टोकाला शिशाचा मणी. तो एका हत्याराने दाबून त्यावर बांधणाऱ्याने आपली खूण उमटवायची असते, म्हणजे मध्ये कुणी हात लावला नाही हे कळतं. मास्तरांनी स्वतःची खूण दोनदा बोटाने चाचपली आणि कात्रीने दोरा कापला. झाकणं उघडली. आतली छोटी पिशवी काढली. पांढरं कापड एकेक घडी उलगडत गेलं. पाचव्या की सहाव्या घडीत लाल रंग दिसला.

"सापडला," मी म्हणाले. मला वाटतं मी हसलेसुद्धा. माणूस कुठे काय करेल सांगता येत नाही.

मास्तरांनी चिमटा काढला नाही. तो तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "उघडली असती का हो?"

"कदाचित उघडली असती," ते म्हणाले. "कदाचित नसती. लोक माझ्याकडे कदाचितसाठी येत नाहीत."

मग वहिनी बोलल्या. चूक कशी झाली ते त्यांच्याकडून कळलं. रोपाला पाणी घालताना त्यांनी चिमट्याच्या जागी कापडाची चिंधी बांधली, कारण चिमट्याने खोड कापत होतं. चिमटा धुतला, पुसला आणि डब्यात ठेवला. सोमवारी, मंगळवारी की बुधवारी, ते त्यांना आठवत नव्हतं. मास्तरांना सांगायचं राहून गेलं. आणि त्या आठवड्यात दगडाचा पहिला टोमॅटो पिकला होता. तो लाल आहे की नारिंगी यावर गटात मतदान चाललं होतं, मास्तरांचा फोन टेबलावर उभा करून ठेवलेला, आणि सुरुवातीची मोजणी त्यांनी केली नाही. डबा ओतला आणि कामाला लागले. शेवटी मोजले, तर अकरा. अकरा बरोबर होते. तीन आठवडे अकराच बरोबर होते. रविवारी सकाळी गॅलरीत गेले तेव्हा रोपाला चिंधी दिसली, आणि डब्यात चिमटे अकराच.

"माझ्यामुळे झालं," वहिनी म्हणाल्या.

"गप्प बस," मास्तर म्हणाले. चढा आवाज नव्हता. "मोजायचं काम तुझं होतं का?"

त्या मतदानात मी 'नारिंगी' म्हणून मत दिलं होतं. मास्तरांच्या बाजूने.

त्यांनी चिमटा काढला, टेबलाच्या कडेला बाकीच्या अकरांशेजारी ठेवला आणि बाह्या सारख्या केल्या. "तासाभरात बांधून देतो," म्हणाले. मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, "नको मास्तर, उद्या सकाळची ड्यूटी आहे. बस निघून जाईल. दगडाबरोबर पाठवते नंतर." बस दर अर्ध्या तासाला होती. मास्तरांनाही ते माहीत असणारच, त्यांच्या खिडकीखालूनच जायची. त्यांनी छत्री एका स्वच्छ चादरीत गुंडाळली, पिशवीत घालून दिली आणि दारापर्यंत आले.

त्या संध्याकाळी मास्तरांनी गटात सगळं लिहिलं. कुणाचं नाव नाही, सबब नाही, वहिनींचा उल्लेख नाही. चिमट्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "चूक माझी. ज्यांना माझ्याकडे यायचं नसेल त्यांनी येऊ नये. मला वाईट वाटणार नाही."

गटाने त्यांना उचलून धरलं. खरंच धरलं. दगडाने लिहिलं, "मी आज जिवंत आहे तो तुमच्यामुळे, पुन्हा असं लिहिलंत तर घरी येऊन बसेन." गुरांच्या डॉक्टरांनी लिहिलं की ते एकदा गाईच्या पोटात कात्री विसरले होते, गाय अजून दूध देते. कुणी म्हणालं, बाराव्या चिमट्याला गटाचं सदस्य करून घ्या, सगळ्यात जास्त उंचीवरून तोच आलाय. आणि मी? मी लिहिलं, "माझी पिशवी मास्तरांशिवाय कुणी बांधणार नाही. कळलं?" त्याला सदतीस प्रतिसाद आले. कुणाचा बदाम, कुणाचे टाळ्यांचे हात. मी ते मोजले. मोजायचं ते सोडून मीही भलतीच गोष्ट मोजत होते.

बुधवारी मी ती पिशवी दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या माणसाकडे नेली. तो माणूस चांगला आहे. मी त्याला छत्री उघडी का आहे ते सांगितलं नाही.

पुढच्या चार महिन्यांत काय झालं ते गटात बसून कुणालाही दिसलं नसतं. मास्तरांना रोज सकाळी नमस्कार जायचे. त्यांना पावाच्या पिठाबद्दल विचारलं जायचं, शिलाई यंत्राच्या सुईबद्दल विचारलं जायचं, एका मुलीच्या लग्नाच्या झग्याचं माप कसं घ्यायचं तेसुद्धा. टोमॅटोचा निकाल लागला, दगड जिंकला, मास्तरांनी हार मान्य केली. फक्त पिशव्या जाईनात. कुणाचा मेहुणा शिकत होता, त्याला सराव हवा होता. कुणाला जवळचं बरं पडत होतं. दगडाने आपला बसचा रूट बदलून घेतला आणि गटात लिहिलं की वरिष्ठांनी बदलला. त्याची पिशवी कुठे जाते ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. शहाण्या माणसांनी एकमेकांकडे न बघता केलेलं हे काम होतं. एकानेही मास्तरांना एक वाकडा शब्द ऐकवला नाही. एखाद्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं.

मग मी मूर्खपणा केला. माझं मांजर पिशवीवर गोल होऊन झोपलं होतं, दृश्य गोड होतं, मी फोटो काढून टाकला. बदाम आले. मास्तरांनी लिहिलं, "मांजर छान आहे. जाड झालं." मी हसून उत्तर दिलं.

पाच मिनिटांनी त्यांचा वेगळा निरोप आला, फक्त मला. एकेक वाक्य.

"शेपटीजवळ दोरा दिसतो आहे."

"तो सैल आहे. पिनेभोवती एक फेरा कमी पडला असावा."

"पुढच्या उडीआधी त्यांना दाखवून घ्या."

मी फोटो मोठा करून पाहिला. मांजराच्या शेपटीशेजारी लाल दोरा होता आणि मणी होता आणि मण्यावर परक्याची खूण होती. इतकी स्पष्ट की वाचता येत होती. त्यांनी ती वाचली होती आणि तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. दोऱ्याबद्दल लिहिलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे गेले. त्याने पाहिलं, भुवया उंचावल्या, म्हणाला, "बरोबर आहे. हे कुणी ओळखलं?" मी म्हटलं, "एका शिंप्याने."

त्याला दोरा नीट करू दिला नाही. पिशवी उचलली आणि शनिवारी तडक मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिले. न सांगता.

टेबल तिथेच होतं, पण त्याच्यावर पडदे होते. एका हॉटेलचे पडदे, करड्या रंगाचे, ढीगभर. मास्तर कडा दुमडत होते. वहिनींनी मला पाणी दिलं. हळूच म्हणाल्या, "बरं केलंत आलात. मी आता त्यांच्या टेबलाखाली केरसुणीसुद्धा विचारल्याशिवाय नेत नाही."

मी पिशवी टेबलावर ठेवली. "मास्तर, सगळं उघडा आणि तुमच्या हाताने बांधून द्या. मी इथेच बसते. आज बसची घाई नाही."

त्यांनी हातातली कड दुमडून पुरी केली. मग पडदे खुर्चीवर ठेवले, टेबल ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने पुसलं, डबा आणला. बारा चिमटे कडेला मांडले. "मोजा," मला म्हणाले. मी मोजले. बारा. "तुमच्या वहिनींना मोजू द्या." त्यांनीही मोजले. बारा.

त्यांचे हात मी पहिल्यांदाच काम करताना पाहत होते. काय हात होते! कापड त्यांच्या बोटांखाली आपोआप जागेवर जात होतं. दोऱ्यांची टोकं तपासली, शिवण उजेडाकडे धरून तपासली, घडीवर घडी घातली, चिमटे लावले, काढले. तासाभरात छत्री पिशवीत बसली. मास्तरांनी चिमटे मोजले. बारा. मी मोजले. बारा. वहीत लिहिलं. पिन घातली. लाल दोरा ओवला. मणी दाबायचं हत्यार हातात घेतलं.

आणि ठेवलं.

"एकदा बघतो," म्हणाले. पिन काढली, सगळं उघडलं, शेवटच्या घडीपर्यंत. आत काही नव्हतं. पुन्हा बांधलं. पुन्हा बारा. पुन्हा दोरा, पुन्हा हत्यार हातात. पुन्हा ठेवलं. "मास्तर, बारा आहेत," मी म्हणाले. "दिसताहेत मला," ते म्हणाले आणि पिन काढली.

असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मणी हत्याराच्या दातांमध्ये होता, फक्त मूठ आवळायची होती, आणि ती आवळेना. हात नुसता थांबला होता. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी नळ सोडला, आपलं रडणं आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून.

मास्तरांनी हत्यार खाली ठेवलं. "बारा दिसतात," ते म्हणाले, "पण दिसलेल्यावर विश्वास बसत नाही. अकरा होते तेव्हाही बरोबरच दिसले होते."

त्यांनी चादर आणली आणि छत्री तिच्यात गुंडाळू लागले. मला रडू आलं आणि मी रडले, त्यांच्यासमोर, आवाज करून. ते म्हणाले, "अहो, तुम्ही आलात. एक तुम्हीच आलात. माझ्या हातची घालायला तयार झालात, हे काय थोडं आहे?" आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं समाधान होतं.

सोमवारी गटात ओळ आली की मास्तर गटातून बाहेर पडले. दगडाला वाटलं चुकून झालं, त्याने त्यांना परत घेतलं. ते पुन्हा बाहेर पडले. त्यानंतर कुणी घेतलं नाही. दोन दिवस गट मुका होता, मग गुरांच्या डॉक्टरांनी एका घड्याळाचा फोटो टाकला. मास्तरांनी परवाना परत केला असं वहिनींनी फोनवर सांगितलं. दिवसभर पडदे शिवतात, जेवताना बोलत नाहीत, पण "ती मुलगी आली होती" एवढं मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मी चाळीस ओलांडलेली बाई आहे आणि ते मला मुलगी म्हणतात. मी वहिनींचे फोन घेते, हो हो म्हणते, आणि ठेवून देते. कारण त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. त्या शनिवारी मूठ आवळली गेली असती, शिक्का बसला असता, गोल सही झाली असती, तरी मी ती पिशवी घालून उडी मारणार नव्हते. दुसऱ्या माणसाकडे ती पुन्हा उघडून घ्यायला मी रविवारी सकाळी दहाची वेळ आधीच ठरवून ठेवली होती.